ओरखडा

गाडीला ओरखडा पडला की बातमी मालकाच्या आधी सोसायटीला कळते. "पाच मिनिटांचं काम आहे हो!" म्हणत तीन तज्ज्ञ जमतात. एक टूथपेस्ट सुचवतो, दुसरा नेलपॉलिश. तिसरा नुसतंच "च् च्" करतो. खरा हितचिंतक तोच, कारण तो गाडीला हात लावत नाही.

वास्तविक पहिली तपासणी फुकट होते. ओरखड्यावरून आडवं नख फिरवावं. अडकलं नाही, तर पॉलिशने बहुधा भागतं. अडकलं, तर रंग भरणं आलं. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, म्हणजे एका नोटेएवढी! ती फाटून पत्रा उघडा पडला, की गंजाचं खातं उघडलं. त्याला व्याज चक्रवाढ, आणि रविवारची सुट्टी नाही.

मग गाडीवरच्या पट्टीवरून रंगाचा क्रमांक उतरवावा. नुसतं "पांढरा" सांगून चालत नाही, पांढऱ्याचेही प्रकार असतात. गंज वॉटर पेपरने घासावा, जागा पुसून कोरडी करावी, प्रायमर द्यावा. रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. शेवटी क्लिअर कोट.

एवढं करून आमची ही चष्मा लावून म्हणतेच, "दिसतंय हं!"

दिसेना का! लेजरमधली दुरुस्तीही दिसतेच. शेजारी सही असली म्हणजे झालं. शेजारी छटा बघतात, गंज फट बघतो. फट बुजली, आमचा हिशेब जुळला.