सभेच्या दारापर्यंत

मद्यासक्तीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला औषधांची वाण आता फारशी भासत नाही. अडते ते, रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाची संध्याकाळ कोणाच्या हवाली करावी, या प्रश्नापाशी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी पिणे थांबविले म्हणजे हातांना कंप सुटतो, कधी आकडी येते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतते, आणि म्हणून आरंभीचे दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच काढले पाहिजेत, याविषयी मी तडजोड करीत नाही. परंतु ते दिवस सरले, झोप परतली, अन्नाला चव आली, की ज्या घटकेला पाय गुत्त्याकडे वळत असत ती घटका रोज सायंकाळी नेमाने समोर उभी राहते, आणि तिच्यावर माझ्या औषधांचा अंमल तोकडा पडतो.

त्या घटकेसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींनीच चालविलेल्या संस्थेची सभा आहे. तिथली माणसे तिला नुसते ‘मीटिंग’ म्हणतात. या संस्थेचा उगमच मुळी एका शोधात आहे. १९३५ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेले आणि जेमतेम पाच महिने मद्यापासून दूर राहिलेले बिल विल्सन, ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी धंद्याचा एक मामला फिसकटल्यामुळे हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटेच येरझारा घालीत असता, एका अंगाच्या मद्यालयातील कोलाहल कानी पडत असतानाच दुसऱ्या अंगाच्या टेलिफोनकडे वळले, आणि चर्चच्या यादीतील एका धर्मोपदेशकास गाठून त्यांनी मागितले ते एवढेच, की ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा एखादा मद्यपी मला दाखवा. त्या धाग्यावरून दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्याच शहरातील हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंच्या घरी त्यांना डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले; पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाही, असे बजावून आलेले हे डॉक्टर रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. त्यांनी शेवटचा प्याला ज्या दिवशी घेतल्याचे सांगतात, त्या १० जूनला संस्था आपला स्थापनादिन मानते.

आमच्याकडे मुंबई, पुणे, गोवा आणि अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अशा सभा भरतात. कोठे चर्चच्या सभागृहात, कोठे शाळेच्या वर्गात. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली प्रौढ माणसे, भिंतीवर टांगलेला, मद्यमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, कोपऱ्यात चहाचे पातेले, आणि उभा राहून आपले नुसते पहिले नाव व ‘मी मद्यपी आहे’ एवढी कबुली देऊन बोलू लागणारा कोणी एक. तो बोलत असता मध्ये कोणी तोंड घालीत नाही, उपदेश करीत नाही. हजेरीपट नसतो, फी नसते. खर्चासाठी पिशवी फिरते, तीत आपखुशीने टाकावे. सदस्यत्वाला पिणे थांबविण्याच्या इच्छेखेरीज कोणताही दाखला लागत नाही.

इतके सुलभ असूनही माणूस तेथे जात नाही. “डॉक्टर, तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर?” हा प्रश्न मला सर्वांत अधिक ऐकावा लागतो, आणि रोज चारचौघांदेखत झोकांड्या खात घरी आलेल्या माणसाने तो विचारावा याचे नवल वाटून घेण्याचे कारण नाही, कारण शुद्धीवर आल्यावरच लाज जागी होते. ओळखीचा भेटला तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल, हे मी सांगतो. पण सांगून भागत नाही. सिसन आणि मॅलॅम्स या अमेरिकन संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग या बाबतीत मला मोठमोठ्या ग्रंथांहून उपयोगी पडला आहे. वीस जणांपैकी दहांना त्यांनी सभेचे ठिकाण व वेळ सांगून जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्या दहांच्या समक्ष उपचारकाने सभेतील एका सदस्यास फोन लावून दोघांचे बोलणे करून दिले. पहिल्या दहांपैकी एकही सभेला गेला नाही. दुसरे दहाही गेले. तेव्हापासून चिठ्ठीवर पत्ता लिहून देणे म्हणजे रुग्णाची बोळवण करणे होय, असे माझे ठाम मत झाले आहे.

सभेचा गुण येतो का, असे समव्यवसायी विचारतात. २०२० साली कॉक्रेन संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात रुग्णाला पद्धतशीरपणे या मार्गाला लावणारे उपचार, अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरले. सर्वांनाच हा मार्ग मानवतो असे नाही; पायऱ्यांतील ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो, आणि स्त्रियांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत मन मोकळे करणे फार जड जाते. अशांसाठी दुसरा ग्रुप, दुसरी वेळ, केवळ स्त्रियांची सभा धुंडाळावी लागते, आणि हे धुंडाळणे मी उपचाराचाच भाग मानतो. घरच्यांचाही विसर पडता कामा नये: त्यांच्यासाठी अल-ॲनॉनच्या सभा आहेत, आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाच्या पत्नीलाही आपल्या कार्यात सामावून घेतले.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात वा शेजारी असे कोणी असेल, तर केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर चौकशी करा, सभेतील एखाद्या सदस्याशी त्याचे बोलणे आधी करून द्या, आणि पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जा. सभा ‘खुली’ असेल तर तुम्हालाही आत बसता येते.