सहा गुंजा सोनं, सहाशे किलोमीटर धूळ

जोडून सुट्टी मिळाली की पुण्यातला आयटीवाला कुठं जातो? गोवा. फारच झालं तर तारकर्ली. ‘सोनं शोधायला चाललोय’ असं मी रजेच्या मेलमध्ये लिहिलं असतं, तर मॅनेजरनं काळजीपोटी एचआरलाही सीसी केलं असतं. म्हणून ‘पर्सनल’ एवढंच लिहिलं आणि 2025च्या जुलैत थेट ऑस्ट्रेलियातलं पर्थ गाठलं.

आम्ही चौघंही कोडोलीचे. कोल्हापूर जिल्हा, पन्हाळा तालुका, वारणेचं खोरं, समोर जोतिबाचा डोंगर आणि बाकी सगळा ऊस. त्यातला एक पर्थमध्ये अवजड गाड्यांचा मेकॅनिक आहे. त्यानं सेकंडहँड कॅरव्हॅन घेतल्यापासून त्याचं नाव ‘मालक’. वहिनी नर्स. मेलबर्नहून आलेला ‘डॉक्टर’ हा खरं तर कॉम्प्युटर इंजिनीअर, पण शाळेपासून सगळ्यांना गोळ्या सुचवायची त्याला खोड. (खरी नावं देत नाही. गावात हे साप्ताहिक पोचतं!)

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागं ओढायची चाकांवरची खोली. पलंग, शेगडी, फ्रिज आणि कुणीतरी रिकामं करायचं टॉयलेट. पाहुण्याचा मान म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. आपल्याकडेही राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन टुरिझमचं धोरण आणलंय, पण हे धूड मागं लावून आपला घाट चढायचा म्हटलं तर मी तरी पुढच्या स्टॉपला उतरेन. इथं मात्र पर्थ ते कालगुर्ली जवळजवळ सहाशे किलोमीटर रस्ता सरळसोट. समोरून लांबलचक ‘रोड ट्रेन’ आली की वाऱ्यानं अख्खी खोली हलते, तेवढीच काय ती मजा. अंधार पडायच्या आत थांबायचं, कारण नंतर रस्ता कांगारूंचा.

रस्त्याच्या कडेनं सतत एक जाडजूड पाइप धावत असतो. 1892 मध्ये कूलगार्डीला आणि 1893 मध्ये कालगुर्लीला सोनं सापडलं, हजारोंनी माणसं धावली, पण प्यायला पाणी नव्हतं. खारं पाणी उकळून, त्याची वाफ धरून ते विकलं जायचं. मग सी. वाय. ओकॉनर या इंजिनीअरनं पर्थजवळच्या धरणातून वाळवंटापर्यंत पाणी न्यायची योजना आखली. पेपरांनी त्याला इतकं झोडपलं की 1902 मध्ये त्यानं आत्महत्या केली. 1903 मध्ये पाणी पोचलं. पाइपाला हात लावून बघितला. गार होता.

मालक मात्र निघाल्यापासून गप्प. पहिल्या मुक्कामी वहिनींनी पिठलं टाकलं तेव्हा कळलं. गावाकडं नदीकाठच्या दोन एकरांना गिऱ्हाईक आलंय. पर्थमध्ये घर घ्यायचं तर बँकेला दाखवायला रक्कम हवी आणि तेवढी रक्कम दुसरीकडून येणार नाही. ‘इसार घेऊ का?’ असं आबांनी विचारलंय, उत्तर रविवारपर्यंत हवंय.

‘‘विकून टाक,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘तू काय परत जाऊन ऊस लावणार हाईस?’’

‘‘तुला काय जातंय लेका, तुझं हाय का तिथं काय?’’

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘भावजी, पिठलं वाढू का अजून?’’ विषय तिथंच संपला. म्हणजे संपला नाहीच.

कालगुर्लीच्या उत्तरेला लाल माती, ठेंगणी झुडपं आणि माश्या. माश्यांसाठी डोक्यावरून जाळी घ्यावी लागते. आम्ही चौघं मधमाश्या पाळणारे दिसत होतो. इथं कुणीही उठून खणायला लागत नाही. ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढावा लागतो, कुणाच्या हक्काची जागा नाही ना हे नकाशावर बघावं लागतं, मूळ रहिवाशांच्या पवित्र जागांपासून लांब राहायचं आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा.

मेटल डिटेक्टर भाड्यानं आणला होता. जमिनीलगत झोका देत सावकाश चालायचं. ‘टूंऽऽ’ झालं की खाली बसायचं. पहिल्या दिवशी आम्हाला काय सापडलं? खिळे, छर्रे, पत्र्याचे तुकडे आणि लोहखनिजाचे दगड. तेही बेमालूम सोन्यासारखे ओरडतात. जवळच, 1995 मध्ये, कालगुर्लीच्या एका कोरड्या ओढ्यात साडेपंचवीस किलोचा गोळा सापडला होता. तो आता पर्थच्या टांकसाळीत ठेवलाय. हे ऐकलं की माणूस आणखी दोन तास चालतो.

मला सगळ्यात आवडली ती जुनी रीत. पाणीच नसल्यानं इथले पहिले खाणकरी सोनं धूत नसत, उफणत. एका तव्यातली माती उंचावरून दुसऱ्या तव्यात सोडायची. वारा धूळ नेतो, जड कण खाली पडतात. आमची आजी वावडीवर उभं राहून भात द्यायची, अगदी तेच! गुजरीतल्या सराफांपुढची धूळ झाडून नेणारे झारेकरीही शेवटी मातीतून जडच वेगळं करतात, फक्त पाण्यानं. डॉक्टरनं दोन ताटल्या घेऊन प्रयोग केला. सगळी माती वहिनींच्या चहात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाच्या डिटेक्टरनं बारीक, गोल आवाज काढला. प्लॅस्टिकच्या पळीत माती घ्यायची, अर्धी टाकायची, उरलेली डिटेक्टरवरून फिरवायची. आवाज आला की पुन्हा अर्धी. शेवटी पळीत चिमूटभर माती उरली आणि तिच्यात पिवळा, चपटा, डाळीएवढा तुकडा. वजन 0.7 ग्रॅम. मासाभर नाही, साधारण सहा गुंजा. तोळा तेव्हा लाखाच्या घरात होता. म्हणजे सात हजार रुपये. डिझेल, डिटेक्टर आणि जेवण याच्या कितीतरी पुढं गेलेलं. पण आम्ही चौघंही राव, शाळा सुटल्यासारखे नाचलो.

मग मालक खाली बसला आणि खड्डा बुजवायला लागला. घाई नाही, हातानं ढेकळं फोडत, वरून थोपटत. डॉक्टरनं मदतीला पाय पुढं केला तर म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे, मी करतो.’’

रविवारी कालगुर्लीच्या अलीकडं रेंज आली. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला.

‘‘घावलं का काय?’’ आबांनी विचारलं.

‘‘घावलं. सहा गुंजा.’’

‘‘आरं, नाकातली चमकी हुईल सुनंची.’’ थोडा वेळ तिकडून फक्त कुत्र्याचं भुंकणं. ‘‘मग इसाराचं काय सांगू?’’

मालकानं वहिनींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

‘‘उभा ऊस आहे न्हवं आबा? तो जाऊ दे कारखान्याला. मग बघू.’’

‘‘गिऱ्हाईक थांबायचं न्हाई तवर.’’

‘‘न थांबू दे.’’

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, टॉयलेटची टाकी भरलीय. सगळे माझ्याकडे बघायला लागले.