इकीतोसची वेल आणि तिचें पथ्य

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढें घेतला म्हणजे पेरू देशाच्या ईशान्य भागांत, ॲमेझॉन नदीच्या कांठीं, इकीतोस हें नांव आढळतें. अटलांटिक महासागरापासून साडेतीन हजार किलोमीटरांच्या सुमारास आंत वसलेल्या या शहराला बाहेरच्या जगाशीं जोडणारा रस्ता नाहीं. नौता नांवाच्या गांवापर्यंत शंभरएक किलोमीटरांची एक सडक जाते, ती तेथेंच संपते. बाकी सारें दळणवळण विमानानें किंवा बोटीनें. लीमाहून विमानानें दोन तासांच्या आंतबाहेर लागतात. उतरल्यावर मात्र आपल्याकडील मनुष्यास क्षणभर घरींच आल्यासारखें वाटावें, कारण रस्तोरस्तीं तीन चाकी रिक्षा धांवत असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या व्यापारानें हें गांव एकाएकीं श्रीमंत झालें. त्या वेळीं युरोपांतून आणून उभें केलेलें एक लोखंडी घर मुख्य चौकांत आजही आहे; तें आयफेलनें रचिलें असें गांवकरी अभिमानानें सांगतात, इतिहासकार तितक्या खात्रीनें सांगत नाहींत. त्या वैभवाची किंमत अरण्यांतील मूळ रहिवाशांनीं गुलामगिरीनें व प्राणांनीं भरली. पुढें आशियांतील मळ्यांचें रबर स्वस्त मिळूं लागलें आणि १९१२ च्या सुमारास तो सारा डौल ओसरला. अलीकडे कांहीं दशकें दुसरीच एक वनस्पति परदेशी पाहुण्यांना या गांवीं ओढून आणीत आहे. तिचें नांव अयावास्का.

केचुआ भाषेंत ‘अया’ म्हणजे मृतात्मा आणि ‘वास्का’ म्हणजे दोर किंवा वेल. इकीतोसच्या बेलेन बाजारांत पासाहे पाकितो नांवाची एक गल्ली आहे. साली, मुळ्या, तेलें, रानटी तंबाखू यांनीं ती भरलेली असते. दोरखंडासारखे पीळ पडलेले या वेलीचे तुकडे तेथें मिळतात. परंतु नुसत्या वेलीनें काम भागत नाहीं. ती ठेंचून तिच्याबरोबर चाक्रूना नांवाच्या झुडपाचीं पानें तासन् तास शिजवावीं लागतात, तेव्हां तो काळसर, कडू काढा तयार होतो. चाक्रूना हें कॉफीच्याच कुळांतलें झुडूप. त्याच्या पानांत डीएमटी नांवाचें द्रव्य असतें. पण तें एकटें पोटांत गेलें तर आंतड्यांतलें व यकृतांतलें एक विकर त्याचा तात्काळ निकाल लावतें. वेलींतलीं हार्मीन व हार्मलीन हीं द्रव्यें त्या विकरालाच अडवून धरतात, आणि मग पानांतलें द्रव्य मेंदूपर्यंत पोंचतें. प्रयोगशाळेचें नांवही ठाऊक नसलेल्या वनवासी लोकांनीं ही जोडी कशी शोधून काढली, हें आश्चर्य शास्त्रज्ञ आजही बोलून दाखवितात.

गंमत अशी कीं, या हार्मलीनची ओळख जगाला ॲमेझॉनच्या वेलीवरून झालीच नाहीं. युनानी हकिमांच्या परिचयाचें जें हरमल, त्याच्या बियांतून तें १८४१ सालींच निराळें काढण्यांत आलें होतें. १९२३ सालीं कोलंबियांत वेलींतून एक द्रव्य काढून त्याला ‘टेलिपाथीन’ असें भारदस्त नांव देण्यांत आलें. पुढें तपासांत तें हरमलांतील जुनेंच हार्मीन निघालें! येथें कोणा वाचकाला वेदांतील सोम आठवेल. परंतु सोमवल्ली कोणती याचा निर्णय अद्याप पंडितांस लागलेला नाहीं. शिवाय सोम दगडांनीं कुटून पिळीत व गाळीत, आणि अयावास्का उकळतात. तेव्हां एवढ्या साम्यावर घाईनें नातें जोडूं नये हें बरें.

विकर अडविण्याची जी किमया आतां सांगितली, तिच्यांतच या काढ्याचा मुख्य धोकाही आहे. उदासीनतेच्या विकारावर डॉक्टर जीं औषधें देतात, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम वगैरे, तीं शरीरांतील सेरोटोनिनचा प्रभाव वाढवितात. त्यांवर हा काढा घेतला तर तो प्रभाव अनावर होऊन ताप, थरकांप, स्नायूंचा ताठरपणा व भ्रम होण्याचा संभव असतो. प्रसंगीं प्राणावर बेततें. ट्रमाडोल हें वेदनाशामक, खोकल्याच्या कित्येक औषधांत असलेलें डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ‘निव्वळ वनस्पति’ म्हणून विकलें जाणारें सेंट जॉन्स वर्ट, हींही त्याच पंक्तींतलीं. चोंदलेल्या नाकासाठीं घेतात तें स्यूडोएफेड्रीन रक्तदाब चढवितें. कोपऱ्यावरच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय औषध आणण्याची आपली संवय पाहतां हें मुद्दाम लिहावें लागतें.

बरें, औषध चार दिवस आधीं सोडलें म्हणजे झालें, असेंही नाहीं. फ्लुओक्सेटीनचा अंश शरीरांतून जाण्यास पांच आठवडेही लागतात. उलट, असें औषध एकदम सोडल्यानें जुना विकार उसळून येतो. म्हणून तें सोडावें कीं नाहीं, व सोडावयाचें तर कसें, हें लिहून देणाऱ्या डॉक्टरनेंच ठरवावें. आश्रमाच्या चालकानें नव्हे, आणि प्रवाशानें तर नव्हेच. माझें मत विचाराल तर, ज्या औषधाच्या आधारावर मनुष्य उभा आहे तें एका रात्रीच्या कुतूहलासाठीं सोडणें हा व्यवहार मला आंतबट्ट्याचा वाटतो. हृदयविकार किंवा आटोक्यांत नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनीं, गरोदर स्त्रियांनीं, आणि ज्यांना स्वतःला अथवा ज्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यांत स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद व विषाद आळीपाळीनें येण्याचा विकार झालेला आहे त्यांनीं, या वाटेला जाऊं नये.

शेवटची अट आपल्या घरांना विशेष लागू आहे. मनाच्या आजाराचा उच्चार आपण करीत नाहीं. एखादे मामा ‘जरा तऱ्हेवाईक’ होते, एखादी आत्या ‘अंगांत येतें म्हणून’ माहेरीं राहिली, एवढेंच मुलांच्या कानांवर येतें. डॉक्टरांनीं काय निदान केलें होतें तें मोठ्यांच्या पोटांतच राहतें. आतां समजा, परदेशीं शिकणारा आपला मुलगा पेरूस निघाला. चांगल्या ठिकाणीं त्याला प्रश्नावली भरावी लागेल आणि तींत कुलवृत्तांत विचारतील. त्यानें ‘कांहीं नाहीं’ असें लिहिलें तर तें खोटें नव्हे, अज्ञान होय. आणि तें अज्ञान आपण दिलेलें असेल. त्याला पत्रानें चार उपदेश करण्यापेक्षां मामांची खरी हकीकत कळविणें अधिक उपयोगी पडेल.

पथ्याचा विषय आपल्या लोकांना शिकवावा लागत नाहीं. उकायाली नदीच्या कांठच्या शिपिबो लोकांत वनस्पतीशीं संबंध जोडावयाचा तर ‘दिएता’ पाळावी लागते. मीठ, साखर, तेल, मिरची, डुकराचें मांस, मद्य व स्त्रीपुरुषसंग वर्ज्य. उकडलेलीं कच्चीं केळीं, भात आणि नदींतली मासळी एवढेंच अन्न. जुनें चीज, मुरवलेले व आंबवलेले पदार्थ टाळावे असें डॉक्टरही सांगतात, कारण विकर अडविलेलें असतां त्यांतील टायरामीन रक्तदाब वाढवूं शकतें. शिपिबोंच्या दृष्टीनें मात्र पथ्य हें पोटासाठीं नसून वनस्पतीच्या आदरासाठीं असतें. दोन्हीं कारणें निराळीं असलीं तरी ताट एकच. एकादशी आणि दुप्पट खाशी, या मासल्याचा उपास मात्र तेथें चालत नाहीं.

विधि रात्रीं होतो. मालोका नांवाच्या मोठ्या गोल झोंपडींत अंधार करून सारे बसतात. प्रत्येकापुढें एक बादली असते, कारण ओकारी ही या काढ्याची ठरलेली गोष्ट, इतकी कीं त्याला ‘ला पुर्गा’ म्हणजे रेचक असेंच म्हणतात. सुमारें अर्ध्याएक तासानें अंमल चढूं लागतो व चार ते सहा तास राहतो. त्या वेळांत वैद्य ‘इकारो’ नांवाचीं गीतें गातो. पूर्वीं पुष्कळदां वैद्यच काढा पिऊन निदान करी आणि रोगी नुसता बसे. सर्वांनीं प्यावयाची चाल पाहुण्यांबरोबर वाढली. हें ज्ञान पेरू सरकारनें २००८ सालीं राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलें आहे.

वारसा जाहीर झाला म्हणून प्रत्येक गाणारा वैद्य ठरत नाहीं. विमानतळावर गांठणाऱ्या माणसाबरोबर जाऊं नये. काढ्यांत काय घातलें आहे तें आधीं विचारावें. विशेषतः तोए आहे काय हें. तोए म्हणजे आपल्या धोतऱ्याच्या भाऊबंदांतलें झाड. धोतऱ्याचें विष ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणें नको. रात्रभर शुद्धीवर राहणारे मदतनीस किती, दवाखाना बोटीनें किती दूर, हें विचारतांना संकोच वाटूं नये. उत्तर देण्यास जो रागावेल त्याच्याकडून परतावें. स्त्रियांवर अशा रात्रीं अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढें आल्या आहेत. म्हणून स्त्रीनें एकटीनें जाऊं नये, आणि ‘उपचार’ म्हणून अंगाला हात लावण्यास स्पष्ट नकार द्यावा. या व्यवहाराची झळ तेथील लोकांनाही लागते. २०१८ च्या एप्रिलांत ओलिव्हिया आरेव्हालो या ८१ वर्षांच्या शिपिबो वैद्यबाईंचा गोळ्या घालून खून झाला, आणि ज्याच्यावर संशय होता त्या कॅनेडियन मनुष्याला जमावानें ठार केलें.

मग लोक जातात तरी कां? त्यांतले पुष्कळ दुःखानें गांजलेले असतात, आणि त्यांची आशा अगदींच निराधार नाहीं. ब्राझीलमध्यें २९ रुग्णांवर केलेली एक तौलनिक चांचणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली; औषधांना दाद न देणारी उदासीनता एका मात्रेनें आठवड्याभरांत बरीच हलकी झाल्याचें तींत दिसलें. मात्र तें इस्पितळांत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झालें होतें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणींत निम्म्याहून अधिकांनीं पुढील आठवड्यांत वा महिन्यांत कांहींना कांहीं मानसिक त्रास झाल्याचें सांगितलें. म्हणून विधीच्या दुसऱ्याच दिवशीं परतीचें विमान धरूं नये. चार दिवस निवांत घालवावे आणि नोकरी सोडणें, लग्न मोडणें असले निर्णय त्या ओघांत घेऊं नयेत.

जातांना पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधीं टोंचून घ्यावी. तिचा दाखला नसेल तर पेरूहून परतणाऱ्यास आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलग ठेवूं शकतात. परततांना पेटींत बेलेनच्या बाजारांतली टोपली खुशाल आणावी, शिपिबो बायांनीं भरलेलें नक्षीचें कापड आणावें; काढ्याची बाटली मात्र आणूं नये. पेरूंत ती उघड विकत मिळत असली तरी डीएमटी आपल्या अमली पदार्थांच्या कायद्यांत निषिद्ध आहे, आणि मुंबईच्या विमानतळावर राष्ट्रीय वारशाची सबब चालावयाची नाहीं.