तीनवर की तीननंतर?

आमच्या आक्काचे वजन १४२ किलो आहे. हे वाक्य छापण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली. "खुशाल लिही," ती म्हणाली, "पण तू हसलास तेही लिही." तेव्हा आता माझी सुटका नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आक्का न्हाणीघरात घसरली आणि तिच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता यांना खुर्चीत बसवा." बोलायला सोपे होते ते! चार माणसे आली. त्यांनी चादरीचे चार कोपरे धरले. "एक, दोन, तीन!" दोघांनी 'तीन'वर उचलले, दोघांनी 'तीन'नंतर. चादर तिरपी झाली आणि आक्का पलंगाच्या कडेवरून सावकाश जमिनीवर आली. हाड शाबूत राहिले. पण तिची पाठ खरचटली आणि एका आयाबाईंच्या कमरेत उसण भरली. कोणीतरी म्हणाले, "आता क्रेनच आणायला हवी!" सगळे हसले. वाचकहो, मीही हसलो. आक्का खालून माझ्याकडे पाहत होती.

आई गेल्यावर याच आक्काने मला वाढवले. माझ्या एका कादंबरीत एक लठ्ठ सावकार आहे. तो बसला की खुर्ची मोडते. वाचकांनी हसावे म्हणून ती खुर्ची मी तीन वेळा मोडली आहे. वर्गातल्या एका गुबगुबीत पोराला बाकीची मुले 'ढोल' म्हणत, तेव्हा मास्तरांना नेमके ऐकू येत नसे. असे हसू एका दिवसात येत नाही. त्याला बरीच वर्षे रियाज लागतो.

त्या दिवसापासून आक्काने अंथरूण सोडायचे नाकारले. "मला हात लावू नका," एवढेच ती म्हणे. डॉक्टर बजावीत होते की, असे पडून राहिल्याने पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील. आक्का भिंतीकडे तोंड करून ऐके. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी इस्पितळाने बाहेरून एक अनुभवी सिस्टर बोलावल्या. जड देहाच्या रुग्णांना कसे हलवावे, हे त्या नोकरवर्गाला शिकवणार होत्या. मी परवानगी काढून मागच्या बाकावर बसलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यानंतर मी वर्गात गेलो तो शिकवायलाच. पुन्हा विद्यार्थी होताना मला जरा बरे वाटले.

सिस्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अशा माणसाला उचलायला किती जण लागतात?" कोणी सहा म्हणाले, कोणी आठ. "एकही नाही," सिस्टर म्हणाल्या. "उचलायचेच नाही. सरकवायचे, वळवायचे, नाहीतर यंत्राने उचलायचे." मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे आमच्या आक्काचा नुसता पाय तेवीस-चोवीस किलोंचा! आणि थॉमस वॉटर्स या अमेरिकन तज्ज्ञाने २००७ साली सुचवलेली मर्यादा अशी की, रुग्णाला हलवताना एकाने हातांवर फार तर ३५ पौंड, म्हणजे सोळा किलोंच्या आसपास भार घ्यावा. आठ जण जमवले तरी भार सारखा वाटला जात नाही. ते फक्त एकमेकांच्या पायांत येतात.

पुढे त्यांनी एकेक गोष्ट हाताने करून दाखवली. आधी खुर्चीवरची, पलंगावरची भाराची पाटी वाचायची. पलंगाची चाके अडकवायची आणि तो आपल्या कमरेइतका वर घ्यायचा. अंगाखाली गुळगुळीत कापडाची दुहेरी चादर घालायची, म्हणजे कातडी न घासता देह सरकतो. काखेत हात घालून ओढायचे नाही, खांदा दुखावतो. कुशीवर वळवताना पोटाचा भार एकदम पुढे येतो, म्हणून त्या बाजूला एक माणूस उभा हवाच. आणि हुकूम एकाच्याच तोंडून सुटायचा; 'तीन'वर की 'तीन'नंतर, हे आधी ठरवून!

मग त्यांनी वॉर्डातल्या सर्वांत दांडग्या वॉर्डबॉयला टेबलावर निजवले. हा गडी आखाड्यात घुमलेला. चौघांनी त्याला साध्या चादरीत उचलताच तो ओरडला, "अरे, पडतोय मी! हळू!" कोणी हसले नाही. उठल्यावर तो कपाळ पुसत म्हणाला, "त्या आक्कांना काय वाटलं असेल हो!" क्रेनची गोष्ट काढणारा तोच होता.

दुपारी सिस्टर आक्कापाशी आल्या. त्यांनी चादरीला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि विचारले, "आक्का, घरी तुम्ही पलंगावरून कशा उठता?"

आक्काने भिंतीकडचे तोंड वळवले. "डाव्या कुशीवर होते, कोपरावर भार देते, मग पाय खाली सोडते. आणि मला असं उताणं निजवू नका, दम लागतो. कधीची सांगतेय मी!" सिस्टरांनी लगेच पलंगाची डोक्याची बाजू उंच केली. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मी तर तिचा सख्खा भाऊ!

भाऊबीजेच्या सकाळी भाड्याने आणलेले उचलण्याचे यंत्र आले. त्यावर २०० किलोंची पाटी होती; वॉर्डबॉयने ती मोठ्याने वाचून दाखवली. मापाची झोळी आक्काच्या अंगाखाली सरकवली गेली. "आक्का, तुम्ही 'चला' म्हणाल तेव्हाच," तो म्हणाला. ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "चला." यंत्राने तिला अलगद रुंद खुर्चीत ठेवले. "आली म्हणायची तुमची क्रेन," ती म्हणाली, "पण ही हसत नाही." वॉर्डबॉयने मान खाली घातली. मीही.

मग तिने मला समोर बसवून ओवाळले. मी खिशात हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "पैसे नकोत. पुढच्या कादंबरीत खुर्ची मोडू नकोस."

यंदा आक्का वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि चकल्यांना नावे ठेवते. माझी नवी कादंबरी निम्मी झाली आहे. तिच्यातही एक खुर्ची आहे. ती मी चांगली रुंद लिहिली आहे.