शेपटीचा उतार

हिवाळ्यात बांधायला रॉकेटाचं कुठलं किट घ्यावं, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता. दिवाळी आटोपली, कोलोरॅडोत बर्फ टिकायला लागला, की गराजमधल्या ढिगातून सगळ्यात छळणारं खोकं उचलायचं आणि टेबलावर आपटायचं. यंदा नोव्हेंबर सरला तरी टेबल रिकामंच आहे, कारण उजवा हात थरथरतो.

डॉक्टरबाईंनी त्याला इसेन्शियल ट्रेमर असं नाव दिलं आणि घाबरायचं कारण नाही म्हणून सांगितलं. हात मांडीवर असला की गरीब गाईसारखा पडून असतो, नाजूक काम सांगितलं की बिथरतो. कप बशीवर वाजतो त्याचं मला काही नाही. चार लोकांत चहा न घेता राहता येतं. फिलेटचं काय करायचं?

रॉकेटाच्या शेपटीचे पंख, म्हणजे फिन, आणि नळी जिथे भेटतात त्या बेचक्यात इपॉक्सीची जी गोलवट रेघ ओढतात, ते फिलेट. चाळीस न्यूटन-सेकंदांच्या आतल्या छोट्या रॉकेटांना पांढऱ्या गोंदाचं बोट फिरवलं तरी चालतं. एफ आणि जी मोटर म्हटली की हिशेब बदलतो. प्रत्येक अक्षराला जोर दुप्पट, जी म्हणजे 160 न्यूटन-सेकंदांपर्यंत. मधल्या आकाराच्या रॉकेटांची, म्हणजे मिड-पॉवरची, हद्द तिथे संपते. पुढे एचला रीतसर प्रमाणपत्र काढावं लागतं. आमच्याकडचे बरेच हौशी आता मधला टप्पा गाळूनच तिकडे उडी मारतात. फायबरग्लासचं किट आणायचं, दोन शनिवार-रविवारांत चिकटवायचं, एच मोटर लावून प्रमाणपत्र खिशात घालायचं. आवाज एवढा मोठा होतो की खालचं काम कुणी बघत नाही. मी मिड-पॉवरला चिकटून राहिलो तो यासाठीच. इथे रॉकेट हातात घेऊन, डोळ्यांसमोर धरून फिरवून बघण्याएवढं असतं आणि लोक तसं बघतातही.

आता निवडीकडे येतो. घरच्यांचं मत सॅटर्न-पाचच्या बाजूने पडलं. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या अपोजीचं 1/70 प्रमाणातलं किट, उभं केलं तर दीड मीटरहून उंच. खोक्यावर अवघडपणाची पातळी पाच. या पातळ्यांवर माझा विश्वास नाही. त्या भागांची संख्या मोजतात, अवघडपणा नाही. सॅटर्नला वेळ लागतो, चिकाटी लागते, सूचनापत्र वाचायची सवय लागते. पण एखादं पन्हळी आवरण तिरकं बसलं तर सोलून दुसरं लावता येतं. जे परत करता येतं त्याला मी अवघड म्हणत नाही. इपॉक्सी एकदा आवळली की आवळली.

दुसरं टोक एअरोटेकचं. त्यांच्या कित्येक किटमध्ये साच्यातल्या प्लॅस्टिकच्या फिन आत खटकन अडकतात, फिलेटचा प्रश्नच मिटतो. उडतात झकास. आज जो हात माझ्याकडे आहे त्याच्यासाठी ही किटं अगदी योग्य आहेत, आणि हे कळत असल्यामुळेच मी ती कपाटात मागे ढकलली.

मेहुण्याचा पुण्याहून फोन आला की कर देशासाठी काहीतरी. 21 नोव्हेंबर 1963ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, ते नायकी-अपाची. तेही अमेरिकेचंच, पण आपल्या मातीवरून गेलेलं. किट नसलं तरी नळ्या आणून करता येईल. कागदावर रेखाटलंही. पण नायकीच्या फिन सरळ नळीवर बसतात आणि सरळ नळीवरचं फिलेट मी थरथरत्या हातानेही काढू शकतो. देशप्रेम फारच सोपं निघालं.

सरळ नळीवर हात लागतच नाही मुळी. नळी घोडीवर आडवी ठेवायची, बेचकं वर येईल अशी फिरवायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायचा, अर्ध्या तासात आवळणारी पातळ इपॉक्सी ओतायची आणि बाजूला व्हायचं. पृथ्वी ओढते, इपॉक्सी आपोआप सपाट बसते. सगळं श्रेय गुरुत्वाकर्षणाचं, शाबासकी आपल्याला.

माझ्या मनात भरलेल्या व्ही-टूला, महायुद्धातल्या त्या जर्मन रॉकेटाच्या प्रतिकृतीला, ही सोय नाही. तिचं अंग पोटाशी फुगीर आणि शेपटीकडे निमुळतं, आणि फिन नेमक्या त्या उतारावर बसतात. उतारही सरळ नाही, वाकत जाणारा. म्हणजे फिनच्या मुळाची रेघच वक्र. घोडीवर कशीही ठेवा, त्या रेघेचं कुठलं तरी टोक खाली राहणारच. पातळ इपॉक्सी तिकडे धावते, तिथे तळं साचतं आणि वरचा भाग उघडा पडतो. मग जाड करा. सिलिकाची पूड मिसळली की इपॉक्सी लोण्यागत जागेवर राहते, वाहत नाही. पण वाहत नाही म्हणून स्वतःहून गुळगुळीतही होत नाही. ती बोटाने ओढावी लागते. हातमोज्यातलं बोट स्पिरिटमध्ये बुडवायचं आणि पुढून मागपर्यंत एकाच दमात न्यायचं. उतार बदलतो तसा फिन आणि अंग यांच्यातला कोनही बदलतो, म्हणून बोट चालता चालता मनगट वळवत राहावं लागतं. थांबलं की खूण राहते. थरथरलं की लाट उमटते, आणि ती लाट प्रायमरखाली दिसत नाही, चकचकीत रंगाखाली मात्र उन्हात शंभर पावलांवरून दिसते.

पातळ घ्यावी तर पृथ्वी आडवी येते, जाड घ्यावी तर हात. याच्यामध्ये काय काय केलं म्हणून सांगू! रेघ तुकड्यांत विभागून दर तुकड्याला घोडीचा कोन बदलला, सांधे दिसतात. तीन पातळ थर एकावर एक दिले. तिन्हींची तळी एकाच ठिकाणी साचली. आवळायला लागलेली इपॉक्सी नेमक्या मिनिटाला पकडावी म्हटलं, तर गराजच्या थंडीत ते मिनिट रोज वेगळं येतं.

आमच्या मैदानावर एक निवृत्त दंतवैद्य येतात. त्यांची फिलेट आरशासारखी असतात. ते इपॉक्सीची माती वापरतात, दोन गोळे एकत्र मळायचे आणि ओल्या बोटाने तास-दोन तास निवांत घडवत बसायचं. पसंत नाही पडलं तर खरवडून पुन्हा. जन्मभर लोकांच्या दाढा भरलेल्या बोटांना हे जमणारच. मी इतकी वर्षं त्यावर नाक मुरडत आलो आणि कारणही शास्त्रीय देत आलो. व्ही-टू बुटकी. दाबाचा केंद्रबिंदू गुरुत्वमध्याच्या मागे किमान एक व्यासभर हवा, तर तिच्या नाकात आधीच वजन भरावं लागतं. शेपटीला मातीचं वजन चढवलं की तोलासाठी नाकात आणखी वजन आलं, आणि दोन्हींची हमाली मोटरने करायची. हे सगळं खरंच आहे. फक्त दंतवैद्यांची रॉकेटं माझ्यापेक्षा कमी उंच जातात असं कधी दिसलेलं नाही.

त्याहून अडचणीचं सत्य वेगळंच आहे. या किटमध्ये फिन अंगाच्या खाचेतून आत जाते आणि थेट मोटरच्या नळीला चिकटते. ताकद त्या आतल्या जोडात, जो बंद झाल्यावर कुणाला दिसत नाही. बाहेरच्या फिलेटने हवेचा अडथळा थोडा कमी होतो आणि थोडी मजबुती येते. पण मी ज्या चकाकीसाठी जीव टाकतो तिचा उड्डाणाशी संबंध जवळपास नाही. ती आहे उड्डाणापूर्वी तपासणीच्या टेबलावर रेंज सेफ्टी ऑफिसर फिन धरून हलवून बघतो, मग नकळत अंगठा बेचक्यातून फिरवतो आणि भुवया उंचावतो, त्या दोन सेकंदांसाठी. डॉक्टरबाईंनी लागेल तशी घ्यायला प्रोप्रानोलॉल दिलंय, समारंभ वगैरे असेल तर म्हणून. नेमबाजीच्या स्पर्धांत खेळाडूंना ही गोळी निषिद्ध आहे. मी ती लग्नामुंजीला घेत नाही, फिलेटच्या दिवसासाठी राखून ठेवतो.

माझं लहानपण पेणचं. शेजारी गणपतीचा कारखाना. तिथे डोळ्यांची आखणी एकाच म्हाताऱ्या कारागिराकडे असायची. एका वर्षी ते रंगाच्या बादल्या ढवळताना दिसले आणि डोळे त्यांचा पुतण्या काढत होता. कुणी त्यावर बोललं नाही. मी आईला विचारलं, तर तिने गप्प बस म्हणून दटावलं.

व्ही-टू तरी का, असं कुणी विचारलं तर उत्तर देताना मी जरा चाचरतो. ती लंडन आणि अँटवर्पवर पडली. नाझींच्या डोरा छावणीतल्या कैद्यांकडून जमिनीखालच्या बोगद्यांत ती बनवून घेतली, आणि ती बनवताना मेलेली माणसं ती पडून मेलेल्यांपेक्षा जास्त, असं इतिहासकार मांडतात. तीच व्ही-टू 24 ऑक्टोबर 1946ला आमच्या शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून उडाली आणि अंतराळातून पृथ्वीचा पहिला फोटो घेऊन आली. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ती बांधत नाहीत, विकतही घेत नाहीत. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. मी तिला जर्मन रंग देत नाही, व्हाइट सँड्सचा काळा-पांढरा देतो. ही पळवाट आहे हे मला माहीत आहे.

अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजसाठी एका शाळेचा संघ माझ्याकडे शिकायला येतो. कच्चं अंडं ठरलेल्या उंचीवर नेऊन न फोडता खाली आणायचं. त्यांच्यातली एक मुलगी आपल्याकडची, आई-वडील नाशिकचे. गेल्या महिन्यात तिने माझ्या टेबलावर थ्रीडी प्रिंटरमधून काढलेली व्ही-टूची अख्खी शेपटी ठेवली. चार फिन, फिलेटसकट, एकसंध. वक्र उतारावर कोन बदलत जाणारं फिलेट, एक लाट नाही, एक तळं नाही.

“काका, संगणकात रेडियस टाकला की झालं. तुम्ही का नाही करत?”

मी अंगठा फिरवला. थरांच्या बारीक रेघा बोटाला लागल्या, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, “हे खडबडीत आहे.” ती काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी तीच शेपटी घेऊन आली. प्रायमर, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर. बेचक्यात पेपर जात नाही म्हणून तिने पेन्सिलीला गुंडाळून घासला होता. नखं प्रायमरने करडी झाली होती. रेघा गेल्या होत्या. छापील फिलेटला नावं ठेवायचं माझं भाषण तयार होतं, ते गिळावं लागलं. तरी थोडं मी दिलंच.

तर व्ही-टू मागवली आहे. खोकं आलंय, आतले जोड मी एकट्याने करणार, ते तसेही कुणाला दिसत नाहीत. बाहेरची आठ बेचकी आहेत. चार तिने हाताने ओढायची, घोडी मी धरायची. चार मी ओढायची, त्या दिवशी गोळी घेऊन, घोडी तिने धरायची. मार्चमध्ये वारा सोसला आणि वणव्याची बंदी लागली नाही, तर मैदानावर नेऊ. कुठली कुणाची हे तिथे कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय. ती शब्दाची पक्की आहे. दंतवैद्यांनी अंगठा फिरवून चांगल्या चारांवर बोट ठेवलं, तर मी नुसता हसणार आहे आणि त्यांना हवं ते समजू देणार आहे.