श्रावणात येजो

सोयाबीन निघालं की मानोरा तालुक्यातली रानं उघडी पडतात आणि पाठोपाठ तांडे ओस पडू लागतात. दिवाळी होते न होते तोच मुकादमाची उचल घेतलेली जोडपी भांडी-गोधड्या ट्रकमध्ये टाकून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयांची शिबिरं गावोगाव येतात.

आमचंही असंच आलं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. आमचा मुक्काम पोहरादेवीच्या परिसरातल्या एका बंजारा तांड्यावर होता. पोहरादेवी म्हणजे संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान. रामनवमीला देशभरातले बंजारा तिथे लोटतात. सकाळी श्रमदान, दुपारी मुलांना शिकवणं, असा आमचा दिवस.

मुलं घरी गोरमाटी बोलत. मराठी त्यांना समजे, पण गोष्ट सांगायला उभं केलं की नजर पायाच्या अंगठ्याकडे जाई. एका दुपारी सहज म्हटलं, तुमच्या बोलीत सांगा. एक मुलगी उठली आणि धबधब्यासारखी बोलू लागली. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख तुडवणाऱ्या पूर्वजांची गोष्ट होती ती. तिला अडखळू न देता बाकीची मुलं मध्येच भर घालत होती. कुठल्या पाठ्यपुस्तकात न वाचलेला इतिहास त्यांना आजीकडून तोंडपाठ होता. मग आम्ही गणितंही मिठाच्या गोण्यांवरच घातली आणि मागच्या ओळीतले हातही वर येऊ लागले.

निरोपाच्या वेळी एका म्हातारीनं माझा हात धरला. सगळे तिला याडी म्हणत. "काहून आली व बाई हिवाळ्यात? सारे गेले ऊस तोडाले. श्रावणात येजो. तवा पाह्यजो आमचा तांडा."

श्रावणात मी गेले. तेव्हा तीज होती. तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे नायकाची, परवानगी घेऊन लग्न न झालेल्या मुलींनी टोपल्यांत माती-खत भरून गहू पेरला होता. रोज त्यावर पाणी शिंपायचं आणि फेर धरून गायचं. हिवाळ्यात ज्यांच्या दारांना कुलूप पाहिलं होतं, त्या बायका आरशांची कांचळी घालून अंगणात उभ्या होत्या. वर्गात मान खाली घालणाऱ्या पोरी पुढे होऊन गाणं उचलत होत्या. त्यांचे आईबाप मला तेव्हा पहिल्यांदा भेटले. मुलांच्या शिक्षणाबद्दल त्यांना खूप बोलायचं होतं, पण हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा ते उसाच्या फडावर होते.

मूल आपल्या भाषेतून शिकतं, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही मान्य केलं आहे. पण ती भाषा कानावर पडायला तांडा भरलेला असावा लागतो. म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना आणि स्वयंसेवक विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शिबिराची तारीख ठरवण्याआधी नायकाला विचारा, माणसं घरी केव्हा असतात. हिवाळ्यात जावंच लागलं तर जा, मागे राहिलेल्या मुलांना सोबतीची गरज असते. पण तेवढ्यावर थांबू नका. श्रावणात पुन्हा जा, त्यांच्या आईबापांना भेटा आणि आधी त्यांचं ऐका.