वेशीबाहेरचं नाटक

शेक्सपिअर लंडनचा असं आपण सहज म्हणतो. पण त्याची नाटकं बहुतेक लंडनच्या वेशीबाहेर होत. शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळींना नाटकवाले नजरेसमोर नको होते. नाटक म्हटलं की गर्दी, गर्दी म्हटली की खिसेकापू आणि रोगराई, शिवाय हाताखालची पोरं भरदुपारी काम टाकून पळतात, अशा त्यांच्या तक्रारी. म्हणून जेम्स बर्बेजनं १५७६ साली ‘थिएटर’ याच नावाचं नाटकघर उभं केलं ते भिंतीपलीकडे, शोअरडिचमध्ये. पुढची रोझ आणि ग्लोब ही नाटकघरं तर थेम्सच्या पैलतीरी, सदर्कमध्ये. शेजार काय, तर अस्वलांवर कुत्री सोडायचे आखाडे आणि वेश्यावस्ती. इंग्रजांच्या प्रबोधनकाळातलं जे जगानं डोक्यावर घेतलं, त्यातलं निम्मं तरी अशा बदनाम उपनगरात वाढलं.

मुलुंड-बोरिवलीत जन्म काढलेल्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं. ‘तुम्ही फारच लांब राहता बुवा,’ हे वाक्य गिरगाव-दादरच्या नातेवाइकांकडून लग्नामुंजीत ऐकलेलं असतं ना!

शेक्सपिअरचा संसार तर अस्सल चाकरमान्याचा. बायकोमुलं गावी स्ट्रॅटफर्डला, आणि हा लंडनमध्ये भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेला. बिशप्सगेटजवळ राहत असताना कर थकवल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. पण त्याच सुमारास, १५९७ मध्ये, गावात त्यानं ‘न्यू प्लेस’ नावाचं ऐसपैस घर घेतलं. शहरात पोटभाडेकरू, गावात घरमालक! कोकणातल्या कुठल्याही वाडीत हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. शेवटी तो परतलाही गावीच.

मात्र त्या काळाला नुसतं सोनेरी म्हणून भागत नाही. १५७२ च्या कायद्यानं एखाद्या उमरावाचा आश्रय नसलेला नट हा भटक्या-भिकाऱ्यांच्या रांगेत बसे. फटके खायची पाळी येई. १५९२ ते ९४ या काळात प्लेगनं नाटकघरं बहुतेक बंदच ठेवली, तेव्हा शेक्सपिअर दीर्घकाव्यं लिहीत बसला. प्लेगशी तर आपलंही जुनं नातं आहे. १८९६ च्या साथीनंतर मुंबईला दाटीतून बाहेर पडायची निकड भासली, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या आणि वस्ती हळूहळू साष्टीकडे सरकत गेली. २०२० मध्ये नाटकघरांना पुन्हा कुलपं लागली, तेव्हा आपल्या नटांनीही घरी बसणं म्हणजे काय ते अनुभवलं.

ग्लोबमध्ये दुपारी दोनच्या सुमाराला, उघड्या आभाळाखाली नाटक सुरू होई. त्याआधी तीनदा तुतारी वाजे. आपल्या तिसऱ्या घंटेची ही लांबची बहीणच. एक पेनी टाकली की खाली उभं राहून बघायचं, आणखी एक टाकली की सज्जात बसायला जागा. स्त्रीपार्ट मुलगे करत. बालगंधर्वांवर जीव टाकलेल्या मराठी माणसाला त्याचं काय नवल? १९८९ साली रोझचे अवशेष सापडले तेव्हा जमिनीत हेझलनटची ढीगभर टरफलं मिळाली. आपल्याकडे कुणी मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिराची जमीन पुढेमागे उकरलीच, तर बटाटावड्याचा मागमूस लागायचा नाही, ही आपली उणीव. मध्यंतरात तेलकट कागद मुठीत चुरगळून, एका हातात चहा सांभाळत ‘पहिला अंक जरा लांबला’ असं म्हणणारे रसिक इतिहासाला कळणार कसे?

गंमत पुढेच आहे. टॉमस बोडली यानं ऑक्सफर्डचं ग्रंथालय नव्यानं उभारलं, पण असली नाटकं म्हणजे कचरा, ती तिथं नकोत, असं त्याचं मत. आणि आपल्याकडे हाच कचरा विद्यापीठाच्या दारातून, बी.ए.च्या पुस्तकांतून आला! आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ मध्ये. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. गणपतराव जोशींनी हॅम्लेट रंगवला आणि ग्रंथातला शेक्सपिअर पुन्हा फळीवर चढला. १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये तर लिअरची सावली मराठी घरात इतकी मुरली की आप्पासाहेब बेलवलकरांना कुणी परदेशी पाहुणा म्हणत नाही. सून-जावयाच्या फ्लॅटमध्ये आपल्याला कोपरा उरेल का, ही धास्ती घेऊन ते नाटक बघायला बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात बसलेल्या म्हाताऱ्याला राजाचं राज्य कशाला हवं? त्याला वन बीएचके पुरतो.

एक फरक मात्र मोठा आहे. लंडनचा प्रेक्षक होडीत बसून नदीपलीकडे नाटकाकडे जाई. आपल्याकडे प्रेक्षक आधी लांब गेला आणि नाटक त्याच्यामागून आलं. चाळीतली खोली विकून पार्ल्याला, बोरिवलीला, मुलुंडला गेलेल्या माणसांसाठी तिथं नाट्यगृहं झाली. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर धावत शेवटची लोकल गाठायची कसरत त्यामुळे वाचली.

आता मुलुंडही परवडत नाही. पुनर्विकासात मिळालेलं घर विकून माणसं डोंबिवली-पनवेलपार जातात. तिकडे सावित्रीबाई फुले आणि वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहांत प्रयोग लागतात. या धावपळीत बर्बेजच्या मुलांचा किस्सा जवळचा वाटतो. जागामालक भाडेपट्टा वाढवून देईना, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात त्यांनी ‘थिएटर’ची लाकडं सुटी केली, नदीपार नेली आणि त्यांतून १५९९ मध्ये ग्लोब उभं राहिलं. जमीन मालकाची, पण तुळया आमच्या, असा त्यांचा दावा होता. नाटकवाल्यांनी हा दावा कधीही सोडू नये. जागा महागली की कला मरते असं नाही. वासे उपसून पुढे नेणारी माणसं संपली, की मरते.